एक्सेलमधली यादी डीबीएफमध्ये न्यायची आहे, आधी काय काय साफ करावं?

दाखलवही

नमस्कार मंडळी. एका ग्रंथालयाची दाखल नोंदवही आम्ही तिघीचौघींनी मिळून एक्सेलमध्ये उतरवली आहे. ८,६१४ पुस्तकं, १४ कॉलम. दाखल क्रमांक, दाखल तारीख, शीर्षक, लेखक, प्रकाशक, भाग, वर्गांक, आयएसबीएन, पृष्ठं, किंमत, शेरा वगैरे. आता ही यादी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये जायची आहे आणि तो प्रोग्रॅम फक्त डीबीएफ फाइल (डीबेस नावाच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमचा फाइल-प्रकार) घेतो. माझ्या एक्सेलमध्ये 'सेव्ह ॲज'ला डीबीएफचा पर्यायच दिसत नाही, म्हणून लिबरऑफिस टाकलं. त्यात फाइल झाली, पण उघडून बघितली तर निम्मी शीर्षकं मध्येच तुटलेली, दाखल क्रमांकांची सुरुवातीची शून्यं गायब आणि काही पुस्तकांच्या 'भाग' कॉलममध्ये चक्क तारखा!

निर्यात कशी करायची ते कळलं आहे. त्याआधी शीटवर काय संस्कार करायचे ते सांगा. क्रमाने सांगितलंत तर उपकार होतील, मी संगणकवाली नाही.

शून्यापासून

गर्भाधानापासून सुरू करा, १६ आहेत.

भोपळा

डीबीएफ? अजून? मला वाटलं ते फ्लॉपीबरोबरच गेलं.

नकाशेवाला

@भोपळा, कुठे गेलं! नकाशाच्या कामात शेपफाइल वापरतात ती एक फाइल नसतेच. तिच्यात आकारांची एक, अनुक्रमणिकेची एक आणि माहितीच्या तक्त्याची एक अशा किमान तीन फाइली असतात, आणि तिसरी ही डीबीएफच. जगभर रोज हजारो लोक डीबीएफ वापरतात, त्यांना ते माहीत नसतं इतकंच.

ताई, एक्सेलमध्ये पर्याय दिसत नाही कारण २००७ च्या आवृत्तीपासून डीबीएफमध्ये साठवायची सोय काढून टाकली. उघडता येतं, साठवता येत नाही. लिबरऑफिस टाकलंत ते बरोबर केलंत.

जुनापुराणा

दाखलवही, आधी एक गोष्ट समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सेल स्वतंत्र संस्थान असतं. एका कॉलममध्ये वर आकडा, खाली तारीख, त्याखाली 'माहीत नाही' असं काहीही चालतं. डीबीएफमध्ये सगळा कॉलम एकाच जातीचा आणि एकाच मापाचा. फाइलच्या सुरुवातीला ३२ बाइटचं डोकं असतं, त्यापुढे प्रत्येक फील्डसाठी ३२ बाइटचा तुकडा. त्यात नाव, जात, रुंदी आणि दशांश स्थळं लिहिलेली. मग रेकॉर्ड सुरू. प्रत्येक रेकॉर्ड अगदी तितक्याच लांबीचं. शीर्षकाला ५० बाइट दिले की ५१ वा बाइट कापला जाणार, आणि शीर्षक दोनच अक्षरांचं असेल तरी उरलेली जागा कोऱ्या जागांनी भरली जाणार.

तेव्हा निर्यातीआधीचं खरं काम एकच: हा साचा तुम्ही स्वतः ठरवायचा. तो ठरवायचं काम सॉफ्टवेअरवर सोडलं की ते अंदाज बांधतं, आणि तुमची शून्यं त्या अंदाजात गेली.

मर्यादा अशा: फील्डचं नाव जास्तीत जास्त १० बाइट, मजकुराचं फील्ड २५४ बाइट, तारीख नेहमी ८ (आधी साल, मग महिना, मग दिवस, मध्ये रेघा नाहीत). आकड्याच्या रुंदीत दशांश बिंदू आणि उणे चिन्हही मोजलं जातं. म्हणजे रुंदी ८ आणि दशांश २ दिलेत तर बिंदूच्या आधी पाचच आकडे मावतात. इथे नवशिके हमखास फसतात. मीही फसलो होतो, पण ते बरंच आधी.

दाखलवही

काका (काका म्हटलं तर चालेल ना?), हे फारच छान समजावलंत. पण 'साचा मी ठरवायचा' म्हणजे कुठे ठरवायचा? लिबरऑफिसने मला रुंदी वगैरे काही विचारलंच नाही, फक्त अक्षरसंच विचारला.

तिरपी रेघ

ते पहिल्या ओळीत लिहायचं असतं. कॅल्कमध्ये (लिबरऑफिसचं स्प्रेडशीट) कुठलीही डीबीएफ उघडून बघा, शीर्षओळीत नावापुढे स्वल्पविराम देऊन जातीचं अक्षर आणि रुंदी दिसेल. तसंच तुम्हीही आपल्या शीटच्या पहिल्या ओळीत लिहायचं: टायटल,सी,२०० किंवा प्राइस,एन,१०,२ (सगळं इंग्रजी अक्षरांत, जातीचं अक्षर कॅपिटल, मध्ये जागा सोडू नका). सी म्हणजे मजकूर, एन म्हणजे आकडा, डी म्हणजे तारीख, एल म्हणजे हो-नाही. हे लिहिलं नाही तर कॅल्क सेलचं फॉरमॅट आणि आतला माल बघून स्वतःच ठरवतं.

आणि फक्त समोर उघडं असलेलं शीट जातं, बाकीची नाही. तुमची पुस्तकं तीन शीटांत विभागलेली असतील तर आधी एकत्र करा.

चष्मिष

जुन्या एक्सेलमध्ये तर याहून गंमत होती. पडद्यावर कॉलम जितका रुंद दिसतो तितकीच फील्डची रुंदी धरायचं. छापायला नीट बसावं म्हणून कुणी कॉलम चेपून ठेवला असेल तर माहितीही तेवढीच चेपून जायची. आमच्याकडे एकदा सगळ्यांची आडनावं सहा अक्षरांची झाली होती. दोन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण यादी वाचणारा माणूस सगळ्यांना ओळखत होता.

शून्यापासून

कुलकर, देशपां आणि मी असे तिघे मित्र.

ओळपाळ

@तिरपी रेघ यांच्याशी सहमत, पण हे शेवटचं पाऊल झालं. त्याआधी शीटची झाडलोट. माझी सवय सांगतो.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत काढून तिच्यावर काम. मर्ज केलेले सगळे सेल सोडवायचे, कारण मर्ज केलेल्या चार ओळींपैकी माहिती फक्त वरच्या सेलमध्ये असते आणि खालच्या तीन रिकाम्या जातात. (नोंदवह्यांमध्ये हे फार असतं, 'वरीलप्रमाणे' म्हणून एकच प्रकाशक दहा ओळींना.) शीर्षकाची एकच ओळ ठेवायची, वर संस्थेचं नाव, त्याखाली तारीख, त्याखाली शीर्षकं असला थाट नको. फॉर्म्युले असतील तर कॉपी करून पेस्ट स्पेशलने नुसत्या व्हॅल्यू चिकटवायच्या. फिल्टर काढून टाकायचे, लपवलेल्या ओळी उघडायच्या आणि मगच ठरवायचं की त्या जाव्यात की नकोत.

आणि रंग! 'पिवळ्या ओळी म्हणजे गहाळ पुस्तकं' असं काही असेल तर रंग डीबीएफमध्ये जात नाही. त्यासाठी वेगळा कॉलम करा.

दाखलवही

अरे देवा. पिवळ्या म्हणजे गहाळ, हिरव्या म्हणजे बांधणीला दिलेली, आणि गुलाबी म्हणजे काय ते आता आम्हा चौघींपैकी कुणालाच आठवत नाही.

भोपळा

गुलाबी म्हणजे 'नंतर बघू'. सगळीकडे हाच अर्थ असतो.

सावकाश

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. १९८० च्या दशकातल्या साच्यात बसवण्यासाठी आजची स्वच्छ माहिती कापायची कशाला? एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरा. एकच फाइल, नावांना दहा बाइटचं बंधन नाही, मजकूर कितीही लांब, सगळं युनिकोड. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंच जपून ठेवण्यासाठी शिफारस केलेल्या फाइल-प्रकारांत तो आहे. नकाशेवाल्यांनीसुद्धा शेपफाइल सोडून जिओपॅकेज या नव्या प्रकाराकडे जावं, तेही आत एसक्यूलाइटच आहे.

जुनापुराणा

सावकाश, तुमचं म्हणणं तत्त्वतः बरोबर, पण समोरचा प्रोग्रॅम डीबीएफ मागतोय. पाहुणा भाकरी मागतोय आणि आपण त्याला पुरणपोळी कशी आरोग्यदायी ते सांगतोय, असं होतंय.

शिवाय एसक्यूलाइट साधारणपणे कॉलमच्या जातीबाबत फार उदार आहे. आकड्याच्या कॉलममध्ये 'माहीत नाही' घातलं तरी निमूट ठेवून घेतं. तारखेची वेगळी जातच नाही. म्हणजे झाडलोट तिथेही करावीच लागते; फक्त तिथे कुणी ओरडत नाही.

सावकाश

पुरणपोळीवर वाद नाही. :) पण माझा मुद्दा राहतोच. साफ केलेली यादी एकदा कुठेतरी न कापता ठेवा आणि तिच्यातून डीबीएफ काढा. डीबीएफलाच मूळ प्रत समजू नका.

तिरपी रेघ

सावकाश यांच्या या वाक्याला +१.

आता 'भाग' कॉलमबद्दल. तुम्ही १-२ असं टाइप केलं असणार, 'भाग पहिला व दुसरा एकत्र' या अर्थाने. एक्सेलने त्याची एक फेब्रुवारी किंवा दोन जानेवारी केली. वाईट बातमी अशी की नंतर फॉरमॅट मजकूर करून काही उपयोग नाही. सेलमध्ये आता १-२ नाहीच, तारखेचा पाच आकडी अनुक्रमांक आहे, आणि मजकूर केलंत की तोच दिसेल. आधी कॉलम मजकूर करायचा आणि मग टाइप करायचं, हा खात्रीचा मार्ग. झालेल्या सेल फिल्टर करून हाताने दुरुस्त करा.

यात लाजण्यासारखं काही नाही. जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावंच बदलली, कारण 'मार्च-१' आणि 'सेप्ट-१' या खुणा एक्सेलमध्ये टाकल्या की तारखा व्हायच्या. मार्चचं मार्चएफ झालं, सेप्टचं सेप्टिन.

शून्यापासून

म्हणजे एक्सेल सुधारण्यापेक्षा माणसाची जनुकं बदलणं सोपं पडलं.

चष्मिष

खिक्!

तिरपी रेघ

तारखांबद्दल आणखी एक, कारण दाखल तारीख तुमच्यासाठी महत्त्वाची. कॉलमचं अलाइनमेंट काढून टाका आणि नुसतं बघा: उजवीकडे चिकटलेल्या त्या खऱ्या तारखा, डावीकडे चिकटलेला तो मजकूर. आता उजवीकडच्या सगळ्या तारखांत दिवस बाराच्या आत असेल आणि तेरापासून पुढचे सगळे डावीकडे असतील, तर समजा की संगणक महिना-दिवस अशा क्रमाने वाचत होता. म्हणजे डावीकडचे चुकलेले दिसतात, पण खरे चुकलेले उजवीकडचे आहेत! ५ जूनचा ६ मे झालेला असतो आणि तो अगदी सुबक दिसतो.

दोन आकडी साल लिहिलं असेल तर अजून एक. एक्सेल ००–२९ ला २००० चं शतक लावतं आणि ३०–९९ ला १९०० चं. जुनं ग्रंथालय असेल आणि १२/४/२८ अशी नोंद असेल तर ते पुस्तक २०२८ साली दाखल होईल.

दाखलवही

आत्ता बघितलं. भविष्यात दाखल होणारी ४१ पुस्तकं आहेत आमच्याकडे.

चष्मिष

@दाखलवही, प्रकाशनाचं साल तारीख म्हणून ठेवलं असेल तर ते नुसता चार आकडी आकडा म्हणून ठेवा. एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होतं, त्याआधीची तारीख त्याला समजत नाही, मजकूर धरतो. आणि सुरू होतं तेही चुकीचं. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमधली चूक, त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून जशीच्या तशी ठेवलेली.

ओळपाळ

दाखल क्रमांक, वर्गांक, आयएसबीएन हे तिन्ही मजकूर. आकडा नव्हे. ज्याची बेरीज करून काही अर्थ निघत नाही तो आकडा नाही, हा माझा नियम. वर्गांक आकडा ठेवलात तर ८९१.४६० चा ८९१.४६ होईल. आयएसबीएनचं तर जास्त वाईट: दहा आकडी जुन्या क्रमांकांपैकी काहींच्या शेवटी एक्स असतो. त्यामुळे कॉलममध्ये बरेच आकडे आणि अधूनमधून मजकूर अशी खिचडी होते. ॲक्सेससारख्या मार्गाने माहिती नेताना चालक-प्रोग्रॅम सहसा पहिल्या आठच ओळी बघून कॉलमची जात ठरवतो. त्या आठांत एक्सवालं कुणी नसेल तर पुढचे सगळे एक्सवाले रिकामे. कुठलाही इशारा येत नाही.

दाखलवही

दाखल क्रमांकांची शून्यं परत कशी आणू? पाच आकडीच असतात सगळे.

ओळपाळ

शेजारी कॉलम घालून टेक्स्ट फंक्शन वापरा, साच्यात पाच शून्यं द्या. मग त्याच्या व्हॅल्यू मूळ कॉलमवर चिकटवा. सगळे पाचच आकडी आहेत म्हणून हे जमतंय. लांबी कमीजास्त असती तर नोंदवही उघडून बसावं लागलं असतं.

जुनापुराणा

अवांतर: डीबेस मुळात लिहिलं वेन रॅटलिफ यांनी, जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत कामाला असताना. यानं पाठवायच्या संस्थेतला माणूस, पण प्रेरणा काय, तर ऑफिसातली फुटबॉलची पैज जिंकायची! त्याचं नाव होतं व्हल्कन. पुढे ॲश्टन-टेट कंपनीने घेतलं आणि डीबेस-दोन म्हणून विकलं. डीबेस-एक कधी नव्हतंच. 'दोन' म्हटलं की माल मुरलेला वाटतो.

आमच्या वेळी फॉक्सप्रोत (डीबीएफवरच चालणारा दुसरा प्रोग्रॅम) रेकॉर्ड पुसलं तरी जात नसे, त्याच्या पहिल्या बाइटला फक्त तारांकन लागायचं. 'पॅक' म्हटलं की खरंच जायचं. आणि 'झॅप' म्हटलं की सगळंच जायचं. एका सहकाऱ्याने…

भोपळा

काका, पुढचं सांगू नका, दाखलवही ताई घाबरतील.

नकाशेवाला

हे तारांकन अवांतर नाही बरं का. कुणाकडून जुनी डीबीएफ आली आणि तिच्यात मोजणीपेक्षा जास्त रेकॉर्ड दिसली, तर पुसलेली पण पॅक न केलेली असू शकतात. काही प्रोग्रॅम ती दाखवतात, काही लपवतात.

पण मला मूळ प्रश्नातल्या 'तुटलेली शीर्षकं' यावर बोलायचं आहे, त्याला अजून कुणी हात घातला नाही. मराठी शीर्षकं आहेत ना? अक्षरसंच विचारला तेव्हा यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) दिलंत का? तसं असेल तर प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'क्षितिज' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतं. संगणकाला सात चिन्हं दिसतात: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. म्हणजे २१ बाइट. २५४ बाइटच्या फील्डमध्ये मोजून ८४ चिन्हं मावतात. कापताना मध्येच कापलं तर शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं.

फील्डची नावं तर मराठीत ठेवूच नका. दहा बाइटमध्ये तीन चिन्हं. 'नाव' मावतं, 'लेखक' मावत नाही.

तिरपी रेघ

@नकाशेवाला, बरोब्बर. लेन फंक्शनने लांबी काढून तिला तीनने गुणायचं आणि मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचं. कोऱ्या जागांना आणि इंग्रजी अक्षरांना एकच बाइट लागतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमीच येईल, पण अंदाजाला पुरे.

सोबत अजून एक मराठी दुखणं: दिसायला सारखं, आतून वेगळं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक 'अ'ला चंद्र जोडून तेच दिसेल असं लिहीत. 'दऱ्या'मधला 'ऱ्य'सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो. तुम्ही चौघींनी टाइप केलंय, तेव्हा एकच लेखक दोन माणसं झाला असण्याची दाट शक्यता आहे. लेखकाच्या कॉलमवर पिव्होट टेबल (प्रत्येक वेगळं नाव एकदाच दाखवणारा सारांश-तक्ता) लावा, 'एकसारखीच' दोन नावं ओळीने दिसली की समजा.

दाखलवही

पिव्होट शिकले आणि लावलं. एका लेखिकेच्या पाच आवृत्त्या निघाल्या. दोन 'ॲ'च्या, एक नावाच्या शेवटी जागा सुटलेली, एक आद्याक्षरांमध्ये टिंब नसलेली आणि पाचवी दिसायला पहिलीसारखीच आहे, ट्रिम करूनही वेगळी राहते!

चष्मिष

पाचवीत न तुटणारी जागा असेल, वेबपानावरून कॉपी केलं की येते. ट्रिमला ती दिसत नाही. सब्स्टिट्यूट फंक्शनमध्ये कॅर १६० देऊन साध्या जागेने बदला. एक्सेलमध्ये चालत नसेल तर युनिकॅर १६० वापरा.

आणि शेऱ्याच्या कॉलममध्ये ऑल्ट-एंटर मारून ओळी पाडल्या असतील तर त्याही काढा. डीबीएफ सहन करेल, पण पुढे कुणी त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल) केली की एका पुस्तकाची तीन होतील.

सावकाश

एक मूलभूत प्रश्न. समोरचा प्रोग्रॅम यूटीएफ-८ वाचतो का, हे विचारलं का कुणी? डीबीएफच्या डोक्यात कोडपेज (कुठला अक्षरसंच वापरलाय ते) सांगायला एक बाइट असतो, पण जुने प्रोग्रॅम तो बघतीलच असं नाही. ताई, त्यांच्याकडून दोन-चार रेकॉर्ड असलेली त्यांची स्वतःची एक डीबीएफ मागवा. फील्डची नावं, जाती, रुंद्या सगळं त्यातच मिळेल. आपण इथे तीन दिवस साचा ठरवतोय, साचा त्यांच्याकडे तयार आहे.

ओळपाळ

हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं. माझ्यासकट सगळ्यांना उणे एक.

जुनापुराणा

मान्य. मी डोक्याचे ३२ बाइट सांगत बसलो, स्वतःचं डोकं वापरलं नाही.

दाखलवही

(तीन दिवसांनी)

नमुना फाइल आली! कॅल्कमध्ये उघडली. फील्डं १२ आहेत, माझे कॉलम १४. शीर्षकाला फक्त ६० रुंदी. आणि आत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतोय. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मात्र तीच शीर्षकं मराठीत नीट दिसतात म्हणे.

नकाशेवाला

म्हणजे युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. आत इंग्रजीच्या जागा, वर मराठीचा मुखवटा. तुम्हाला युनिकोडमधून त्या फॉन्टमध्ये रूपांतर करून मग निर्यात करावी लागेल. फॉन्टचं नाव नीट विचारून घ्या, प्रत्येकाचा नकाशा वेगळा असतो. रूपांतर फक्त मजकुराच्या मराठी कॉलमांचं. आयएसबीएनवर चालवलंत तर अनर्थ.

बरी गोष्ट अशी की तिथे एका खुणेला एकच बाइट, त्यामुळे ६० मध्ये बऱ्यापैकी मावेल. निर्यातीत अक्षरसंच मात्र यूटीएफ-८ देऊ नका, पश्चिम युरोपीय देऊन दहा ओळींची चाचणी करा.

तिरपी रेघ

आणि रूपांतर सर्वांत शेवटी करा. एकदा जुन्या फॉन्टात गेलं की क्रमवारी विसरा. तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप झालेली असते, त्यामुळे कि, मि, वि ने सुरू होणारी सगळी पुस्तकं एकाच ठिकाणी गोळा होतात.

भोपळा

वेलांटीचं संमेलन.

दाखलवही

(आणखी चार दिवसांनी)

दहा ओळी गेल्या, त्यांच्याकडे नीट दिसल्या! मग उत्साहाने सगळी फाइल केली. शीटमध्ये ८,६१४ पुस्तकं, डीबीएफमध्ये ८,६३१ रेकॉर्ड. १७ जास्त. पुसलेली असतील का, काका म्हणाले तशी?

जुनापुराणा

नव्या फाइलमध्ये पुसलेली कुठून येणार? शीटमध्ये कंट्रोल-एंड दाबा, कर्सर कुठे जातो बघा.

दाखलवही

८,६३२ व्या ओळीवर गेला. तिथे मीच मागे कधीतरी 'एकूण पुस्तके' लिहून बेरीज टाकली होती, वर १६ ओळी मोकळ्या सोडून, छान दिसावं म्हणून. त्यामुळे आता ग्रंथालयात 'एकूण पुस्तके' नावाचं एक पुस्तक आहे. लेखक नाही, किंमत मात्र अख्ख्या ग्रंथालयाची.

शून्यापासून

गहाळ झालं तर भरपाई कोण देणार?

चष्मिष

जास्त निघाली हे नशीब. कमी निघाली असती तर कळायला वेळ लागतो. २०२० मध्ये इंग्लंडात जुन्या एक्सेल प्रकारच्या फाइलमध्ये ओळी मावल्या नाहीत (त्यात ६५,५३६ हीच मर्यादा), आणि कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकड्यांतून राहून गेली होती. म्हणून निर्यातीनंतर मोजणी जुळवायचीच. शक्य असेल तर किंमत आणि पृष्ठांच्या बेरजाही दोन्हीकडे जुळवा, नुसत्या ओळी जुळून भागत नाही.

दाखलवही

बेरीज काढून टाकली, पुन्हा निर्यात केली. ८,६१४ ला ८,६१४. पृष्ठांची बेरीज जुळली. किंमतीची जुळत नव्हती. एका ओळीत आकडा देवनागरीत टाइप झाला होता, तो मजकूर समजून बेरजेतून सुटत होता. तोही पकडला.

राहिली ती ३७ शीर्षकं, ६० मध्ये न मावणारी. बहुतेक सगळी 'अर्थात' वाली आहेत, जुन्या पुस्तकांची असतात तशी. 'अर्थात'च्या आधी कापावं म्हणतेय, पण आमच्यातली एक म्हणते की वाचक 'अर्थात'नंतरच्या नावानेच मागतात.

सावकाश

नमुन्यात शेरा फील्ड आहे का? पूर्ण शीर्षक तिथे टाका. आणि ते न कापलेलं एक्सेल जपून ठेवलंय ना?

दाखलवही

शेरा आहे, १०० चा. ३७ पैकी ३६ तिथे मावली. एक्सेलच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत, रंगांचा कॉलमही केला. गुलाबीला 'नंतर बघू' असंच लिहिलंय.

भोपळा

३७ वं कुठलं ते तरी सांगा!